कुठेही बस

मी दहावी दोनदा केली. पहिल्यांदा पुण्यात, मार्च २००९ मध्ये, बोर्डाची. दुसऱ्यांदा त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून जर्मनीत, ट्यूबिंगनच्या एका गिम्नाझियममध्ये, म्हणजे तिकडच्या माध्यमिक शाळेत. नातेवाइकांना हे समजावताना आईच्या नाकी नऊ यायचे. "म्हणजे नापास झाली का गं?" "नाही हो मावशी, एक्स्चेंजवर गेलीये." "मग तिच्या बदल्यात तिकडची कोण आलीये तुमच्याकडे?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण कुणीच आलं नव्हतं. आजीला मात्र या सगळ्यात काही नवल वाटत नव्हतं. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवली, हे ती असं सांगायची जणू त्या आमच्याच वाड्यातून टांगा करून निघाल्या होत्या. "तू तर नुसती शाळेत चाललीस," असं म्हणून तिने माझ्या बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीची दोन पाकिटं कोंबली. "पहिल्या दिवशी वर्गात वाट. तोंडात घास गेला की माणूस बोलायला लागतो."

त्या पाकिटांचं काय झालं ते पुढे सांगते.

तो ऑगस्ट पुण्यात विचित्रच होता. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ३ तारखेला पुण्यातच गेला होता, तोही एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद, नायडू हॉस्पिटलसमोर तपासणीच्या रांगा, लक्ष्मी रोडवर तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसं. हात मिळवू नका, नमस्कार करा, असं जो तो सांगत होता. अशा गावातून मी निघाले. त्यामुळे वर्गशिक्षकांनी शेकहँडसाठी हात पुढे केला तेव्हा माझे दोन्ही हात आधी छातीशी जोडले गेले, मग सुटले आणि मग त्यातला डावा पुढे गेला. त्यांनी तो तसाच धरून हलवला.

पण त्याच्याही आधी बस.

मी राहत होते ते खेडं ट्यूबिंगनच्या बाहेर, श्योनबुखच्या जंगलाच्या कडेला. आदल्या रात्री यजमान बाबांनी सांगितलं की बस 'द्रायफिर्टेल झीबेन'ला आहे. आमच्या पुस्तकात असलं काही नव्हतं. पुस्तकातली माणसं 'सातला पंधरा कमी' अशी सभ्य वेळ सांगायची. द्रायफिर्टेल म्हणजे तीन चतुर्थांश, झीबेन म्हणजे सात. मी सातात पाऊण मिळवला, पावणेआठ केले आणि निवांत झोपले. सकाळी सव्वासहाला दारावर थाप. बस पावणेसातला होती. तीन चतुर्थांश सात म्हणजे सातवा तास पाऊण भरला, असा तिथला श्वाबियन हिशोब. ओल्या केसांनी बसच्या मागे धावताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं की हे लोक आपल्यासारखंच पावणेसात म्हणतायत आणि मी मध्ये इंग्रजी घालून घोळ करून घेतलाय. पुढे कॉलेजात कळलं की आपला अडीच मुळात अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मन माणूस अडीचला 'हाल्प द्राय' म्हणतो, अर्धा तीन. तेच की! त्यांचे आकडेही आपल्यासारखे मागून पुढे. पंचेचाळीसमध्ये पाच आधी आणि चाळीस नंतर. शेजारच्या तुकडीतला अमेरिकन मुलगा वर्षभर फोन नंबर उलटे लिहीत राहिला, मला एकदाही अडचण आली नाही. घर, पुस्तक, मूल, पाणी त्यांच्याकडेही 'ते'. पुण्यात तीन वर्षं इंग्रजी पुस्तकातून जर्मन शिकताना हे कुणी सांगितलं असतं तर निम्मी फी वाचली असती.

बसच्या खिडकीतून दिव्याच्या खांबांवर निवडणुकीची पोस्टर्स दिसत होती. २७ सप्टेंबरला मतदान होतं, एका खांबावर मर्केलबाई, दुसऱ्यावर श्टाइनमायर. आपल्याकडेही ऑक्टोबरमध्ये विधानसभा होती आणि मी निघाले तेव्हा पुण्यात फ्लेक्स फुलायला लागले होते. इथे कुणी हात जोडलेले नव्हते, मागे कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो नव्हते. बस नेकारच्या पुलावरून गेली तेव्हा नदीकाठची ती पिवळी-गुलाबी घरं दिसली, जी मी निघण्याआधी इंटरनेटवर शंभर वेळा पाहिली होती. खरं सांगायचं तर तेव्हा त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही. मी मनात वाक्य घोकत होते. 'माझं नाव अमुक. मी भारतातून आले आहे. पुणे हे मुंबईपासून दीडशे किलोमीटरवर आहे.' प्रश्न कुठले येतील याची यादी केली होती, उत्तरं पाठ होती. तुमच्याकडे हत्ती असतात का, यालासुद्धा एक उत्तर तयार होतं, जरा विनोदी.

शाळेच्या दारात यजमान बहीण, जी आठवीत होती, 'बिस श्पेटर', म्हणजे 'नंतर भेटू', म्हणाली आणि जिना चढून गेली. प्रार्थना नाही, रांगा नाहीत, राष्ट्रगीत नाही. गणवेश नसल्यामुळे विद्यार्थी कोण आणि तरुण शिक्षक कोण हे कळेना. एका दाढीवाल्याला मी अदबीने दहावी ब कुठे असं विचारलं, तो बारावीचा निघाला.

वर्गशिक्षकांनी माझी ओळख करून दिली. ओळख म्हणजे दोन वाक्यं. ही भारतातून आली आहे. जुलैपर्यंत आपल्या वर्गात असेल. नाव त्यांनी बरोबर उच्चारलं, म्हणजे आधी सराव केला असणार. वर्गाने 'हालो' म्हटलं. मी घसा साफ केला, मुंबईपासून दीडशे किलोमीटर ओठांवर आलं, तेवढ्यात ते म्हणाले, "झेत्स दिश इर्गेंटवोहिन."

कुठेही बस.

माझ्या पुण्यातल्या शाळेत 'कुठेही' नव्हतं. आधी उंचीप्रमाणे बसवायचे, मग रोल नंबरप्रमाणे, मग बडबडीप्रमाणे, म्हणजे दोन बडबड्या मुलींच्या मध्ये एक माझ्यासारखी. दहा वर्षांत मी कुठे बसायचं हे मी कधीच ठरवलं नव्हतं. इथे सव्वीस-सत्तावीस मुलं आणि पाच-सहा रिकाम्या खुर्च्या. मी इतका वेळ उभी राहिले की शिक्षकांनी फळ्यावर तारीख लिहायला घेतली. शेवटी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाशी गेले. तिथल्या मुलीने वर न बघता रिकाम्या खुर्चीवरची आपली बॅग उचलून खाली ठेवली. एवढंच झालं. ना हसू, ना 'ये, बस'.

आता पहिल्या तासाचं सगळं सांगत बसत नाही. पुढच्या शिक्षिका आत आल्यावर मी एकटीच उभी राहिले, ही गोष्ट तिकडे शिकलेला प्रत्येक भारतीय माणूस सांगतो आणि माझ्याही बाबतीत ती खरी आहे. गणिताचं मात्र सांगायला हवं. नव्वद मिनिटांचा जोडतास होता. फळ्यावर वर्गसमीकरणं. गुणाकाराला फुलीऐवजी टिंब, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम, एकचा आकडा आपल्या इंग्रजी सातासारखा आणि सातच्या कमरेला पट्टा. एवढं सवयीचं झालं की बाकी सगळं मला येत होतं. बोर्डासाठी हजार वेळा घोटलेलं. शिक्षिका प्रश्न विचारायच्या, चार-पाच तर्जन्या वर जायच्या, हात नाही, नुसती तर्जनी, आणि कुणीतरी चुकीचं उत्तर द्यायचं. चुकीचं! बिनदिक्कत, पूर्ण वाक्यात, जणू मत मांडतायत. त्यावर दुसरं कुणी वेगळं चूक सांगायचं. मी बरोबर उत्तर वहीत लिहून, त्याखाली दोन रेघा मारून, विचारलं जाण्याची वाट बघत बसले होते. मला कुणी विचारलंच नाही.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. वहीवर नजर टाकून म्हणाल्या की सगळं बरोबर आहे, पण मी तोंड उघडलं नाही तर त्यांना ते कसं कळणार. इथे वर्गात बोलण्याचेही गुण असतात. गुण म्हणजे एक ते सहा, एक सगळ्यात चांगला. 'गप्प बसलीस तर सहा,' असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. माझ्या बालवाडीपासूनच्या प्रगतिपुस्तकांत शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द आहे, 'शांत'. आईने तो कौतुकाने पाहुण्यांना दाखवला आहे.

मग मोठी सुट्टी, वीस मिनिटांची. सगळेजण अंगणात. हीच ती वेळ, मला वाटलं. आता घोळका येईल. मी बॅगेतून बाकरवडीचं पाकीट काढून हातात धरलं आणि अंगणातल्या एका झाडाखाली, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिले. दोन-दोन, तीन-तीनचे घोळके गप्पा मारत होते, सहा आठवड्यांच्या सुट्टीचं बोलणं साचलेलं. कुणी माझ्याकडे टक लावून बघत नव्हतं, कुणी बघणं टाळतही नव्हतं. झाडाकडे बघावं तसं बघत होते. मी तिथून दारातल्या तक्त्यापाशी गेले, जिथे कुठले शिक्षक रजेवर आणि कुठला तास रद्द हे लावलेलं असतं, आणि तो तक्ता असा वाचला की माणूस ज्ञानेश्वरीही तशी वाचत नसेल. मागून एका मुलाने काहीतरी विचारलं. "श्टेस्ट दू आन?" अख्ख्या सुट्टीत मला विचारला गेलेला एकुलता एक प्रश्न. मला तो समजला नाही, म्हणून मी उत्साहाने 'हो' म्हटलं. तो माझ्या मागे उभा राहिला. प्रश्न होता, 'तू रांगेत आहेस का?' मी ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचे पाव, विकणाऱ्या खिडकीच्या रांगेत उभी होते. डब्यात यजमान आईने दिलेला चीजचा पाव आणि हातात बाकरवडी असताना मी लोणी लावलेलं एक ब्रेत्सेल विकत घेऊन खाल्लं.

वर्गात परत गेल्यावर एक कागद फिरला. धर्माच्या तासाला कोण कुठे जाणार? कॅथलिक, प्रोटेस्टंट, की नीतिशास्त्र. शाळेत धर्म हा रीतसर विषय आहे आणि मुलं त्या तासापुरती वेगवेगळ्या खोल्यांत पांगतात, हे मला माहीत नव्हतं. मी नीतिशास्त्रावर खूण केली. शेजारणीनेही तिथेच केली होती. मनात म्हटलं, चला, एक गोष्ट सारखी निघाली. तिला काही तसं वाटल्याचं दिसलं नाही.

शेवटचा तास रद्द झाला. वर्गात आरोळी उठली. ऑफ तासाचा आनंद जगभर सारखाच, हे बघून मला इतकं बरं वाटलं की मीही हलकेच ओरडले. सगळे बॅगा भरायला लागले आणि मग वर्गभर एक आवाज सुरू झाला. खुर्च्या उचलून बाकांवर उलट्या ठेवल्या जात होत्या, म्हणजे दुपारी सफाईवाल्यांना खालची फरशी मोकळी मिळते. मी दारापाशी पोचले होते. मागून शेजारणीचा आवाज आला.

"हे, दू! श्टूल होख!"

ए, खुर्ची वर! स्वरात 'प्लीज' नव्हतं, राग नव्हता. मी परत गेले, खुर्ची उचलली, उलटी ठेवली. ती बरी जड होती. दाराशेजारी फळा पुसण्याच्या पाळ्यांची यादी लावली होती. तिथे फळा म्हणजे पाणी, स्पंज आणि काच पुसतात तसली रबराची पट्टी असा सगळा कारभार असतो. यादी आडनावांच्या क्रमाने होती आणि तिसऱ्या आठवड्यापुढे माझं नाव टाइप केलेलं होतं. पेनने नंतर खुपसलेलं नव्हतं. मी यायच्या आधीच कुणीतरी मला क्रमात धरलं होतं.

हे आज इतक्या नीट लिहितेय म्हणून फसू नका. त्या दिवशी मला ती यादी अपमानासारखी वाटली. पाहुणी म्हणून ये, आणि फळा पूस. रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडले. घरी फोनवर सांगितलं की सगळे फार छान आहेत. आजीने विचारलं, "बाकरवडी आवडली का?" मी म्हटलं, "संपली."

ती संपली त्या शनिवारी. घरातला धाकटा सहा वर्षांचा, त्याचा पहिलीचा पहिला दिवस. जर्मनीत पहिलीतल्या मुलाला त्या दिवशी पुठ्ठ्याचा भलामोठा शंकू देतात, त्याच्याच उंचीच्या निम्मा, आत गोळ्या, चॉकलेटं, रंगपेट्या. सॅक्सनी-थुरिंगियाकडची ही प्रथा दोनशे वर्षांची. यजमान आई आदल्या रात्री तो भरत बसली होती. यजमान आई असं मी इथे म्हणतेय. तिला नावाने आणि 'तू' म्हणायचं होतं, जे माझ्या तोंडून निघत नव्हतं. आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक कशी मारायची? ख्रिसमसपर्यंत मी तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे, तिचं लक्ष जाईपर्यंत. त्या रात्रीही तशीच उभी राहिले आणि पाकीट पुढे केलं. तिने एक बाकरवडी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायली, आणि उरलेल्या पुडीत बांधून शंकूत सगळ्यात वर ठेवल्या. धाकट्याने त्यांना 'गोगलगायी' नाव दिलं आणि एका वेळी एकच वेटोळं उलगडत दोन दिवस खाल्ल्या.

वर्गात मला प्रश्न विचारले गेले, पण सवडीने. पुण्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्यातल्या एकाची आजी तेवढी 'पूना' म्हटल्यावर चमकली, कारण सत्तरच्या दशकात तिची मैत्रीण भगवे कपडे घालून कोरेगाव पार्कच्या आश्रमात गेली होती. मग १३ फेब्रुवारी २०१० ला संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. जर्मनीतल्या बातम्यांत पुण्याचं नाव आलं, वर 'जर्मन' हा शब्द जोडलेला. मी घरी फोन लावत होते, लाइन लागत नव्हती, मग लागली, सगळे ठीक होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बर्फात, माझी बाकावरची शेजारीण सायकलवरून आली. तिचं गाव आमच्यापासून आठ किलोमीटर. दारात उभं राहून तिने विचारलं, "तुझ्या घरचे ठीक आहेत ना?" मी हो म्हटलं. "बरं," ती म्हणाली. चहा घेतेस का विचारलं तर घेतला, पंधरा मिनिटं बसली, दहा मिनिटं काहीच बोलली नाही आणि गेली. फोन करता आला असता की. हा विचार मला ती गेल्यावर सुचला.

तरी माझी एक तक्रार शिल्लक आहे आणि ती मी सोडणार नाही. पहिल्या दिवशी, वीस मिनिटांत, कुणीतरी नाव तरी विचारायला हवं होतं. कुणी एकाने. त्यांची पद्धत मला समजते, पटते, आता तर आवडतेही. पण सोळा वर्षांची मुलगी झाडाखाली पाकीट धरून उभी आहे, हे दिसतं हो कुणालाही.

आता मी पुण्यात जर्मन शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका शाळेत जर्मनीहून तीन महिन्यांसाठी एक मुलगी आली, तेव्हा दुभाषी म्हणून मला बोलावलं. मी ठरवून गेले होते की हिच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही. आणि झालंही नाही. दारात औक्षण, कुंकू, गुच्छ. सभागृहात स्वागतगीत. मुख्याध्यापकांचं भाषण, त्यात मॅक्स म्युलर. तिला व्यासपीठावर बसवलं, समोर साडेतीनशे मुलं तिच्याकडे बघत टाळ्या वाजवत होती. वर्गात गेल्यावर तिच्या बाकाभोवती तीन थर. नाव काय, भाऊ किती, केस खरे का, जातीने काय (हा मी भाषांतरित केला नाही), मोदक खाल्लास का, खा, अजून एक, का नको, आवडला नाही? डब्याच्या सुट्टीत सोळा डबे तिच्यासमोर उघडले. मी कौतुकाने बघत होते. तिने हळूच विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे.

ती वीस मिनिटं बाहेर आली नाही. मी दाराशी उभी होते. आतून नळाचा आवाज येत होता आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला.

बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला, कुंकू गेलेलं. काही विचारू नये एवढं शहाणपण मला तोवर आलं होतं. आम्ही रिकाम्या वर्गात जाऊन बसलो, मुलं पीटीला गेली होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिने फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. आपल्या शाळांत असतं तसं, वर सुविचार, कोपऱ्यात तारीख आणि त्याखाली वर्गसेविकेने सुबक अक्षरात काढलेलं, भोवती फुलांची नक्षी केलेलं:

पट ४३ + १ पाहुणी

"तिथे काय लिहिलंय? माझ्याबद्दल आहे ना? पहिल्या तासाला सगळे ते दाखवत होते."

मी सांगितलं. पट म्हणजे वर्गात किती जणी. त्रेचाळीस. अधिक एक, ती तू. 'पाहुणी' या शब्दासाठी मी जर्मनमध्ये 'गास्ट' म्हटलं.

ती उठली. डस्टर शोधला, तो टेबलाच्या खणात होता. फुलांना धक्का न लावता तिने आधी 'पाहुणी' पुसलं, मग एक, मग अधिकचं चिन्ह, मग तीनचा आकडा. उरलेल्या चारकडे डोळे बारीक करून थोडा वेळ बघितलं आणि त्याच्या शेजारी, त्याच्याकडे बघत बघत, खालची गाठ जरा मोठी होऊन गेलेला दुसरा ४ काढला. हातावरचा खडू झटकला आणि मला विचारलं की इथे फळा कुणी कधी पुसायचा याची यादी कुठे लावलेली असते.